नऊ फ्रेम आधी

हॉइट प्रुइटचं डोकं सिमेंटला टेकण्याच्या नऊ फ्रेम आधी प्रोफेसर क्वेलचा डावा तळहात तिथे पोहोचलेला होता.

नेल्डा कॉगबर्नने टेपच्या मशीनची चक्री उलटी फिरवली. पडद्यावर हॉइट जमिनीवरून उठला, हवेत तरंगत प्रोफेसरच्या खांद्यावर जाऊन बसला. तिने चक्री पुन्हा सुलटी फिरवली, या वेळी एकेक खाच मोजत. सेकंदाला तीस फ्रेम. नऊ म्हणजे सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही थोडं कमी. तेवढ्या वेळात तो तळहात वर वळत होता, बोटं फाकत होती आणि हॉइटचं डोकं त्यात येऊन पडत होतं. घरट्यातून अंडं उचलताना हात करावा, तसा तो हात होता. त्यानंतर प्रोफेसरने तो अलगद काढून घेतला, लाकडी खुर्ची उचलली आणि हॉइटच्या डाव्या गुडघ्यावर हाणली.

खुर्ची सगळ्यांनी पाहिली होती. केनर्ली गावात आज चाळिशीच्या पुढे असलेल्या कुणालाही विचारलं, तर नऊ मार्च एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या शनिवारी खुर्ची पडली तेव्हा आपण कुठे बसलो होतो आणि काय खात होतो, हे तो सांगेल. हात कुणी पाहिला नव्हता.

नेल्डाने वहीत लिहिलं : ‘३१ मि. १७ से. डावा हात. चार वेळा तपासलं.’

स्टेशनने तिला निवृत्तीपूर्वीचं शेवटचं काम दिलं होतं : ‘केनर्ली रेसलिंग’चा इतिहास, अर्ध्या तासात. तेवीस वर्षं दर शनिवारी अकरा वाजता या इमारतीच्या मागच्या स्टुडिओतून कुस्तीचा तो कार्यक्रम थेट दाखवला जाई. त्याच वेळी तो टेपवर उतरे आणि मग टेप बसने गावोगाव फिरे. एका गावाच्या स्टेशनने दाखवली की डब्यात घालून पुढच्या बसवर चढवायची. अशी नऊ गावं. शेवटच्या बकहॉर्नला ती तीन आठवड्यांनी पोहोचत असे. हॉइटचा पाय प्लास्टरमध्ये जाऊन वीस दिवस झाले होते, तेव्हाही बकहॉर्नचे लोक आधीच्या टेपवर त्याला धडधाकट बघून खुशीच्या शिट्ट्या मारत होते. एकविसाव्या दिवशी तिथल्या बायका रडल्या आणि बाविसाव्या दिवशी त्याच्या दारात शिजवलेल्या जेवणाची भांडी येऊन पोहोचली.

टेप परत आली की पुसायची आणि त्याच टेपवर पुढचा शनिवार घ्यायचा. टेप महाग होती, आणि झालेली कुस्ती पुन्हा कोण बघणार होतं? अठरा वर्षं हे काम नेल्डाकडे होतं. नऊशेच्या वर शनिवार तिने स्वतःच्या हाताने पुसले होते. आता इतिहास सांगायची वेळ आली, तर दाखवायला एकच टेप सापडली. बकहॉर्नहून ती चुकून एका चर्चच्या नाताळच्या प्रार्थनेच्या डब्यात परत आली होती. प्रार्थना कुणी पुसत नाही, म्हणून ती राहिली.

तिने टेप सुरुवातीला नेली. हाताच्या आधी आणखी दोन गोष्टी होत्या. त्या तिने कालच पाहिल्या होत्या आणि अजून वहीत लिहिल्या नव्हत्या.

*

डेल्मर व्हिकर्स सामान उतरवायच्या मागच्या दारातून आत आला.

“पुढचं दार उघडं होतं,” नेल्डा म्हणाली.

“असेल. ते चांगल्या माणसांचं.” त्याने हॅट काढली. “आमचं हेच.”

तो शहात्तर वर्षांचा होता आणि अजूनही दार भरून टाकत होता. बावीस वर्षं तो प्रोफेसर क्वेल होता; हॉइट कार्यक्रमाचा नायक, तर हा खलनायक. काळा झगा, चौकोनी टोपी, काखेत जाडजूड ग्रंथ. रिंगमध्ये येऊन तो आधी गावाला व्याख्यान देई. तुमचं व्याकरण वाईट आहे, तुमच्या कोंबड्या तुमच्यापेक्षा हुशार आहेत. मग काखेतला ग्रंथ एखाद्याच्या डोक्यात घाली. तो ग्रंथ म्हणजे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची यादी होती, आणि डेल्मर आठवीनंतर शाळेत गेलेला नव्हता. हे स्टुडिओत सगळ्यांना माहीत होतं. बाहेर कुणालाच नव्हतं.

नेल्डाने त्याला दिव्यासमोर बसवलं, कॉलरला माइक लावला आणि कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली.

“हॉइट प्रुइटबद्दल काय सांगाल?”

डेल्मरची मान ताठ झाली. एक भुवई वर गेली. आवाज छातीच्या तळातून आला.

“बाई, या डोंगरातल्या लोकांना मी बावीस वर्षं शिकवलं. वाचन आलं नाही, पाढे आले नाहीत. म्हटलं, निदान एक धडा तरी लक्षात राहावा. मी त्याचा पाय मोडला. संधी मिळाली तर दुसराही मोडीन. वर्ग सुटला!”

नेल्डाने कॅमेरा बंद केला. लाल दिवा विझला. तो विझलेला पाहूनच डेल्मरने खांदे खाली सोडले.

“कसा आहे तो?” त्याने विचारलं.

“घरी आणलाय. मुलीकडे, कार्लीनकडे असतो. झटक्यानं उजवी बाजू गेलीय. बोलता येत नाही, पण कळतं सगळं, असं ती म्हणते.”

“हं.” तो हॅटची कड बोटांतून फिरवत राहिला. “ऑगस्टमध्ये कळलं, तेव्हा गेलो होतो. तिनं दारातूनच हाकललं. मग पत्र टाकलं, तर ते न फोडता परत आलं. पुन्हा गेलो. या वेळी तिच्या हातात झाडू होता.” तो किंचित हसला. “धरलाही होता बरोबर. बापाची पकड आहे.”

“तिला वाटतं, तुम्ही खरंच—”

“वाटायलाच पाहिजे. नऊ वर्षांची होती. तिला खरं वाटलं नसतं, तर आम्ही कसले पैलवान?”

नेल्डाने खुर्ची ओढून त्याच्याजवळ आणली. पडद्यावर तिने टेप थांबवून ठेवली होती. “मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय,” ती म्हणाली आणि चक्री फिरवली.

हात त्याने एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला नाही. मान वळवून तो भिंतीवरच्या तारांकडे बघत बसला.

“सवयीनं जातो हात,” तो म्हणाला. “समोरचा माणूस आपल्या हाती अंग सोडून देतो. ते सांभाळायचं. बाकी सगळी आरडाओरड.”

“अजून दोन गोष्टी आहेत.” तिने टेप मागे नेली. हॉइट दोरांमधून रिंगमध्ये शिरत होता. “इथं. तो डावा पाय टेकतच नाहीये. सगळा भार उजव्यावर. डाव्या बुटाची नाडी सुटलेली आहे, कारण घोटा सुजलाय. खुर्ची पडायला अजून अकरा मिनिटं आहेत.”

डेल्मरची नजर तारांवरून पडद्यावर आली.

“आणि हे तुम्ही. टोपी नेहमीपेक्षा खाली ओढलीय. घाम आला तसा कपाळावरचा रंग ओघळला. त्याखाली टाके आहेत. तीन, किंवा चार.”

“पाच,” डेल्मर म्हणाला.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला आणि थांबला.

“तो आत आला तेव्हा पाय मोडलेलाच होता,” नेल्डा म्हणाली. “तुम्ही मोडलेल्या पायावर खुर्ची मारलीत.”

“पायावर नाही. पायाच्या चार बोटं अलीकडे, जमिनीवर. आवाज सिमेंटचा आहे. कान देऊन ऐका.” मग सावकाश म्हणाला, “चोवीस वर्षांत हे विचारणारं कुणी भेटलं नाही. तुम्ही त्या दिवशी इथंच होता ना?”

“आत, टेपच्या मशीनपाशी. मी मीटरच्या सुयांकडे बघत होते.”

तो पहिल्यांदा मोकळं हसला. मग हॅट डोक्यावर ठेवली आणि उठला.

“हे दाखवणार लोकांना?”

“तुम्ही म्हणाल तसं. पण कार्लीनला दाखवू दे. एकदाच. तिनं तुम्हाला आत घेतलं पाहिजे, डेल्मर. तो त्र्याहत्तर वर्षांचा आहे, आणि दुसरा झटका कधीही—”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“त्यानं शब्द घेतलाय.” डेल्मर दारात थांबला. “पोरांनासुद्धा सांगायचं नाही. त्याच्या स्वतःच्या पोरांना हं, माझ्या नाही. पोरगी शाळेत एक शब्द बोलली की नऊ गावं गेली. पंधरा घरं चालत होती त्याच्यावर. मी हातावर हात मारून हो म्हटलं. आता तो बोलू शकत नाही, म्हणून मी बोलू? त्यानंच सोडवलं तर सुटेल.”

“धंदाच राहिला नाही आता. सांभाळायचं काय?”

“शब्द,” तो म्हणाला आणि मागच्या दाराने गेला.

नेल्डा खिडकीशी उभी राहिली. त्याची तपकिरी गाडी आवारातून इतकी हळू निघाली, की फाटकापाशी मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

*

गुरुवारी नेल्डा कार्लीन प्रुइटच्या घरी गेली. कार्यक्रमासाठी जुने फोटो हवे होते, हे खरं होतं. सोबत सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी होती.

कार्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत असे. तेहतीस वर्षांची, रुंद खांद्यांची, केस घट्ट मागे बांधलेले. चुलीवर घेवड्याचं भांडं रटरटत होतं. मक्याचा पाव ओट्यावर फडक्याखाली झाकलेला होता.

“बसा मिस नेल्डा. डॅडी, बघा कोण आलंय. टीव्हीवाल्या बाई.”

हॉइट पुढच्या खिडकीपाशी मोठ्या खुर्चीत होता. खिडकी ओसरीवर उघडत होती आणि तिच्यातून रस्ता दिसे. एकेकाळी ज्याच्या हनुवटीवरून मुली भांडत, तो चेहरा एका बाजूला उतरला होता. डोळे मात्र उतरले नव्हते. त्याने नेल्डाकडे पाहिलं आणि डावा हात खुर्चीच्या हातावर दोनदा आपटला.

“खुश आहेत,” कार्लीन म्हणाली. “एकदा आपटलं की नको, दोनदा आपटलं की बरं. एवढंच आमचं बोलणं.”

फोटोंचा खोका टेबलावर आला. हॉइट कमरेला पट्टा बांधून, हॉइट शाळेच्या पोरांसोबत, हॉइट काठी घेऊन. काठीपासूनचे फोटो कार्लीन भराभर पालटत होती.

“मी टीव्हीसमोर पोटावर पडून बघत होते,” ती म्हणाली. “आजीच्या घरी. गुरुवारपासून मला तिकडंच ठेवलं होतं, का ते कुणी सांगितलं नाही. आई आलीच नाही दोन दिवस. शनिवारी सकाळी कार्यक्रम लागला आणि ते झालं. मी धावत जाऊन टीव्हीला लाथ मारली. हे बघा, अंगठा अजून वाकडाच आहे.”

तिने चप्पल काढून अंगठा दाखवला. खरंच वाकडा होता.

“डॅडी त्यानंतर सरळ चालले नाहीत. रिंगमध्ये परत गेले, दहा वर्षं लढले, पण मी त्यांना रोज सकाळी जिना उतरताना ऐकलंय. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. आता तो म्हातारा दारात येऊन म्हणतो, भेटू दे. गावातले लोक म्हणतात, जाऊ दे गं, जुनी गोष्ट आहे. त्यांचा काय पाय होता?”

“तुझे वडील कधी बोलले त्याच्याबद्दल?”

“नाव काढायचे नाहीत. एका गाडीत बसणं तर सोडाच, पेट्रोल पंपावर त्याची गाडी दिसली की हे पुढच्या पंपावर जायचे. चांगले एका गाडीत, वाईट दुसऱ्या गाडीत, असाच नियम होता त्यांचा. लांबच्या गावालासुद्धा. एक पैलवान आपल्या शत्रूबरोबर मासे धरताना दिसला, तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं, माहीत आहे?”

“माहीत आहे,” नेल्डा म्हणाली. त्याला घरी बसवलं तो बुधवार होता, आणि त्या आठवड्याच्या टेपमधून त्याला तिनेच कापून काढलं होतं.

घड्याळात चारला दहा कमी होते. खिडकीपाशी हात आपटला. दोनदा, मग पुन्हा दोनदा.

“आलं बघा,” कार्लीन उठली आणि खुर्ची काचेच्या आणखी जवळ सरकवली. “दर गुरुवारी याच वेळेला असं करतात. आधी कळायचं नाही. मग बघितलं, तर रस्त्यानं तो जातो. तपकिरी गाडी. थांबत नाही, नुसता जातो. मी म्हटलं, खुर्ची आत घेऊ का, तर एकदा आपटलं. नको. बघायचंय त्यांना. डोळ्यांत डोळे घालून बघायचं असेल. तसे घाबरणाऱ्यातले नाहीत डॅडी.”

ती चुलीकडे वळली. नेल्डा खुर्चीमागे उभी राहिली.

गाडी वळणावरून आली. ताशी तीस मैल, फार तर पस्तीस. ती कुंपणासमोर आली तेव्हा हॉइटच्या डाव्या हाताची पहिली दोन बोटं खुर्चीच्या हातावरून उचलली गेली. अंगठा आणि उरलेली दोन बोटं तिथेच घट्ट धरलेली होती, जणू ते गाडीचं सुकाणू होतं. गाडी गेली. बोटं खाली आली.

या डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर समोरून ओळखीची गाडी आली की माणसं असंच करतात. हात हलवत नाहीत. सुकाणू न सोडता दोन बोटं उचलतात.

“थरथरतो हात,” कार्लीन भांड्यात पळी फिरवत म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, ते राहणार.”

नेल्डाने काही लिहिलं नाही. वही पिशवीतच होती. तिने फोटो निवडले, घेवडा खाल्ला, मक्याचा पाव मुरंब्याला लावून खाल्ला आणि कार्लीनचे आभार मानून निघाली. दोन उपकरणांचं माप जुळलं तरच ते नोंदवावं, असं तिला भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकवलं होतं. दुसरं उपकरण अजून पाहायचं होतं.

*

“दोन बोटं?” डेल्मरने विचारलं.

तो आपल्या अंगणात खुरपं घेऊन गुडघ्यांवर बसला होता. उठायला त्याला वेळ लागला.

“पहिली दोन. डाव्या हाताची,” नेल्डा म्हणाली. “तुम्ही समोर येता, बरोबर तेव्हाच. आधी नाही, नंतर नाही.”

“मी बघत नाही तिकडं. समोर रस्ता बघतो.” त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. “पण मी पण करतो. कुंपणापाशी आलो की.”

नेल्डाने पिशवीतून वही काढली.

“आमची गाडी आणि त्यांची गाडी,” तो म्हणाला, “बकहॉर्नच्या रस्त्यावर घाटात गाठ पडायची. आठवड्याला एकदा, कधी दोनदा. काच खाली करून बोलायची सोय नव्हती. मागून कुणी येत असलं तर? मग एवढंच.” दोन मातकट बोटं वर झाली. “माझी बायको गेली त्या आठवड्यातही एवढंच. पण त्या दिवशी त्याची बोटं खाली आलीच नाहीत. वळण येईपर्यंत धरून होता.”

पडवीत झोपलेलं त्याचं कुत्रं उठून त्याच्या पायाशी येऊन बसलं.

“आणि चुकून कधी,” नेल्डा म्हणाली, “दोन गाड्या न घेता गेलात?”

डेल्मरने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. खुरपं झटकलं, पडवीच्या खांबाला अडकवलं आणि हात पुसत म्हणाला, “पुढच्या गुरुवारी वेळ आहे तुम्हाला?”

“आहे.”

“मी थांबणार आहे. गाडी थांबवणार. बोलेन की नाही, ते त्याच्यावर. तो नको म्हणाला तर मी उलट पावली परत. तुम्ही नुसत्या सोबत असा. झाडू असला हातात, तर मध्ये पडा.”

*

तो टाय बांधून आला होता. नेल्डा गाडीत त्याच्या शेजारी बसली. डोंगरावरची मॅपलची झाडं लाल झाली होती आणि रस्ता कोरडा, मोकळा होता. काटा तिसाच्या पुढे जात नव्हता. मागून येणाऱ्या दोन गाड्या भोंगे वाजवून पुढे निघून गेल्या.

“नेहमी इतकं हळू चालवता?” नेल्डाने विचारलं.

“चोवीस वर्षं,” तो म्हणाला.

कुंपणाशी गाडी थांबली. इंजिन बंद झालं, तरी त्याचे दोन्ही हात सुकाणूवरच होते. मग त्याने एकेक करून ते काढले, आधी उजवा, मग डावा.

मागच्या बाजूला स्वयंपाकघराचं दार होतं आणि तिकडे जाणारी पायवाटही होती. डेल्मरचं पाऊल सवयीने तिकडे वळलं. ते त्याने परत आणलं आणि पुढच्या पायऱ्या चढला. नेल्डा खालच्या पायरीवर थांबली.

दार वाजवायच्या आधीच उघडलं. कार्लीनच्या हातात झाडू नव्हता, पिठाचं पातेलं होतं.

“तुम्हाला दोनदा सांगितलंय.” मग तिची नजर खाली गेली. “मिस नेल्डा, तुम्हीसुद्धा? फोटो न्यायला आलात, मुरंबा दिलात आणि हे?”

“हो,” नेल्डा म्हणाली.

“माफी मागायला आला असाल तर उशीर झालाय, मिस्टर व्हिकर्स. फार उशीर.”

“माफी मागायचीच आहे,” डेल्मर म्हणाला. हॅट त्याच्या हातात होती. “पण तुला वाटतंय त्याची नाही, पोरी.”

“मग कशाची?”

तो तिच्याकडे बघत नव्हता. ओसरीच्या उजव्या हाताला खिडकी होती आणि खिडकीत हॉइट होता, काचेपासून हातभर अंतरावर. चोवीस वर्षांत रिंगबाहेर ते दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ, दिवसाउजेडी, लोकांच्या डोळ्यांदेखत कधी आले नव्हते. समोरच्या घरातली म्हातारी ओसरीवरच्या झोपाळ्यातून उठून बघत होती. तिचं उभं राहणंच सांगत होतं, की तिने प्रोफेसरला ओळखलंय.

डेल्मरने हॅटच्या कडेवरून दोन बोटं उचलली.

काचेआड हॉइटची दोन बोटं उचलली गेली. कार्लीनने ते पाहिलं. तिने डेल्मरच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा वडिलांच्या हाताकडे पाहिलं. हातातलं पातेलं तिरपं झालं आणि थोडं पीठ उंबऱ्यावर सांडलं.

डेल्मर थांबून राहिला होता. अजून काहीतरी हवं होतं त्याला. हॉइटलाही ते कळलं असावं, कारण त्याचा हात खुर्चीवरून सुटला, हवेत जरा डगमगला आणि सावकाश उलटा झाला. तळहात वर आला. बोटं एकेक करून उघडली आणि तशीच उघडी राहिली, काही घ्यायला नाही, धरलेलं सोडायला. मग त्याने तो हात तसाच, पालथा न करता, खुर्चीवर दोनदा आपटला.

डेल्मरने मान हलवली. आवाज छातीच्या तळातून आला नाही, साधाच आला, थोडा चिरकलेला.

“त्याचा पाय खुर्चीनं मोडला नाही, कार्लीन. त्याच्या आधी दोन दिवस मोडला, गुरुवारी, बकहॉर्नच्या घाटात. आम्ही दोघं एकाच गाडीत होतो. गाडी मी चालवत होतो.”